टेप संपण्याआधी कळायला हवे

सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री एक काम कुणी न सांगताच नातेवाइकाकडे येते. सलाईनच्या बाटलीवर नजर ठेवायची. तळाशी दोन बोटे पाणी उरले की उठायचे आणि हाक मारायची, ‘सिस्टर, बाटली संपत आली.’ बाटली संपून गेल्यावर हाक मारली तर उशीर झालेला असतो. नळीत रक्त चढते, सुई गोठून बंद पडते आणि रुग्णाला दुसऱ्या हाताला पुन्हा टोचून घ्यावे लागते. ‘संपली’ आणि ‘संपत आली’ यांतल्या त्या पाच-दहा मिनिटांतच सिस्टरला नवी बाटली लावता येते.

ज्या रुग्णालयात नोंदी संगणकावर गेल्या आहेत, तिथे आणखी एक गोष्ट रात्रभर भरत असते. एक्स-रे, सीटी स्कॅन, रक्ताचे अहवाल, डिस्चार्ज कार्डे यांची दुसरी प्रत, म्हणजे बॅकअप. अनेक मोठ्या संस्थांमध्ये ही प्रत आजही चुंबकीय टेपवर लिहिली जाते. टेप हा शब्द ऐकला की जुन्या गाण्यांच्या कॅसेट आठवतात, पण आजची टेप वेगळी आहे. तळहातावर मावेल एवढ्या चौकोनी डबीत अर्धा इंच रुंद आणि जवळजवळ एक किलोमीटर लांब फीत असते. एलटीओ या प्रचलित जातीच्या आठव्या पिढीच्या एका टेपवर १२ टेराबाइट माहिती मावते.

ही टेपही कधीतरी संपते. ती संपत आली हे लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला कसे कळते? आणि कळल्यावर हाक ऐकायला कोण जागे असते? प्रश्न संगणक विभागाचा वाटतो, पण त्याचे उत्तर चुकले तर भोगतो तो रुग्ण.

जुन्या नोंदीची किंमत

राजावाडी, कूपर, भगवती किंवा मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर सकाळी रांग पाहावी. बहुतेकांच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते. तीत जुने केसपेपर, घडी पडलेले रिपोर्ट, एक्स-रेचे मोठे पाकीट. लोकांना कुणी शिकवले नाही, तरी त्यांना अनुभवाने ठाऊक आहे की आजच्या तपासणीचा अर्थ कालच्या कागदाशिवाय लागत नाही.

समजा, घाटकोपरच्या एका पन्नाशीच्या गृहस्थांच्या फुप्फुसात सीटी स्कॅनवर आठ मिलिमीटरची घट्ट गाठ दिसली. ती जुन्या क्षयरोगाचा व्रण असू शकते, कर्करोगाची सुरुवातही असू शकते. दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन हाताशी असेल आणि त्यात तीच गाठ, तेवढीच, तशीच दिसत असेल, तर डॉक्टर बहुधा सुटकेचा श्वास सोडतात. घट्ट गाठ दोन वर्षे वाढली नाही तर ती सहसा निरुपद्रवी मानली जाते. जुना स्कॅन मिळाला नाही, तर पुन्हा पुन्हा स्कॅन, कदाचित छातीत सुई घालून तुकडा काढणे आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडणे.

मूत्रपिंडाचेही तेच. क्रिएटिनिन आज चार आहे; ते गेल्या वर्षी एक होते की तीन होते, यावर निदान आणि उपचार दोन्ही बदलतात. मॅमोग्राफीत स्तनातली नवी गाठ ओळखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे आधीच्या चित्राशी तुलना. कुठल्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली होती, ही एक ओळ तर जीव वाचवणारी असते.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायला सांगितले आहे आणि रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्यायला सांगितले आहे. नोंदी चटकन मिळाव्यात म्हणून त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करा, असेही त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात आजारांचे आयुष्य तीन वर्षांहून मोठे असते. भारतातली पहिली लोकसंख्या-आधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईतच सुरू झाली. शहरात कोणता कर्करोग वाढतो आहे हे त्या नोंदणीतून कळते, कारण दशकांमागची आकडेवारी आजच्या आकडेवारीशेजारी ठेवता येते. मध्येच काही वर्षे गहाळ झाली, तर तेवढ्या काळाचे उत्तर कुणालाच देता येणार नाही.

चकाकती पट्टी ते इशारा

टेप संपण्याचा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. अंधेरीचे सीप्झ १९७३ मध्ये उभे राहिले. त्या काळात भारतातून सॉफ्टवेअर परदेशी पाठवायचे, तर ते टेपच्या रिळांवर भरून विमानाने जायचे. ही रिळे साधारण २४०० फुटांची असत. फितीच्या शेवटाआधी सुमारे २५ फुटांवर अॅल्युमिनियमची छोटी चकाकती पट्टी चिकटवलेली असे. यंत्रातला दिवा तिच्यावर पडला की उजेड परतून येई आणि यंत्राला कळे की शेवट जवळ आला. ते २५ फूट मुद्दाम राखलेले असत, हातातली नोंद पूर्ण करून खाली ‘इथे संपले’ अशी खूण करण्यासाठी.

युनिक्स संगणकांवरचा ‘डंप’ नावाचा जुना बॅकअप प्रोग्रॅम तर अंदाजावर चाले. टेप किती फूट आहे आणि एका इंचात किती मजकूर मावतो हे त्याला आधी सांगायचे. त्यावरून तो गुणाकार करी आणि हिशेबाने टेप भरली की थांबून दुसरी मागे. काही सांगितले नाही तर तो टेप २३०० फुटांची धरत असे. रीळ २४०० फुटांचे, धरायचे २३००. शंभर फूट सोडून देण्यातला शहाणपणा ज्याने कधी अंदाजावर विसंबून मार खाल्ला आहे त्याला लगेच कळेल.

पुढे टेपयंत्रे माहिती दाबून लिहू लागली आणि हा गुणाकार कोलमडला. कोऱ्या रकान्यांचा तक्ता खूप दाबला जातो. सीटी स्कॅनची चित्रे मात्र सहसा आधीच दाबून साठवलेली असतात, ती आणखी दाबली जात नाहीत. त्यामुळे त्याच टेपवर आज किती मावेल हे लिहून झाल्याशिवाय कळत नाही.

घरच्या गॅस सिलिंडरचे असेच असते. सिलिंडर अर्धा असो की पाव, शेगडीची ज्योत सारखीच निळी जळते, कारण आत द्रव शिल्लक असेपर्यंत वरच्या वायूचा दाब फारसा बदलत नाही. मग एके दिवशी कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत ज्योत मंदावते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरवरून शिकवले जाते. ऑक्सिजनचा काटा हळूहळू खाली येतो, त्याच्यावरून शिल्लक कळते. नायट्रस ऑक्साइडचा काटा मात्र बराच काळ जागचा हलत नाही आणि शेवटी झपाट्याने पडतो. म्हणून तिथे काट्यावर विश्वास न ठेवता सिलिंडर वजन करून पाहायचा असतो आणि दुसरा भरलेला सिलिंडर शेजारी ठेवायचा असतो.

आजचे यंत्र काय सांगते

आजच्या टेपयंत्राने अंदाज सोडून दिला आहे. फीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकदाच जात नाही. ती नागमोडी जाते-येते. आठव्या पिढीच्या एलटीओ टेपवर अशा २०८ फेऱ्या होतात. प्रत्येक टोकाला यंत्र आपले आपण वळते, सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नसतो. शेवटच्या फेरीत ठरावीक जागी पोहोचल्यावर मात्र यंत्र आगाऊ इशारा देते. सॉफ्टवेअरने पाठवलेला मजकूर ते स्वीकारते, पण उत्तरासोबत एक खूण जोडते. खुणेचा अर्थ असा, ‘हे घेतले, पण आता शेवट जवळ आला.’

या इशाऱ्यानंतर उरलेल्या जागेत चांगले सॉफ्टवेअर तीन कामे करते. हातातला तुकडा पूर्ण करते. फितीवर समाप्तीची खूण करते. आणि आपल्या सूचीत लिहून ठेवते, की ही फाइल इथे अर्धी राहिली, पुढचा भाग दुसऱ्या टेपवर आहे. मग ते थांबते आणि दुसरी टेप मागते.

इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून लिहीतच राहिले तर खरोखरीचा शेवट येतो. तिथे यंत्र साफ नकार देते. तोवर त्याच्या पोटात आलेला, पण फितीवर न उतरलेला मजकूर अडकून पडलेला असतो. टेपयंत्र वेगासाठी मजकूर आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेते आणि लगेच ‘मिळाला’ म्हणून कळवते. वॉर्डात ‘औषध मागवले’ आणि ‘औषध दिले’ या दोन वेगळ्या नोंदी असतात. पहिलीलाच दुसरी समजणाऱ्या निवासी डॉक्टरला राउंडमध्ये बोलणी बसतात. टेपच्या शेवटाशी सॉफ्टवेअरने हीच चूक केली, तर सूचीत असलेली शेवटची नोंद फितीवर नसते.

म्हणून ‘बाक्युला’ या मुक्त सॉफ्टवेअरची एक सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. टेप संपल्याचे कळले की ते एक पाऊल मागे जाते, शेवटचा लिहिलेला तुकडा फितीवरून पुन्हा वाचते आणि आपण लिहिले होते तेच आहे ना, हे ताडून पाहते. इंजेक्शन देण्याआधी सिस्टर कुपीवरचे नाव पुन्हा वाचते, तशीच ही सवय आहे. अशी यंत्रणा असलेल्या ठिकाणी ती वेळ वाचवण्यासाठी बंद करून ठेवू नये.

यातला दुसरा घोळ निदानाचा आहे. लिहिता आले नाही, हे लक्षण एक, कारणे दोन. टेप खरोखर भरली असेल, किंवा यंत्राचे डोके धुळीने माखले असेल, फितीवर सुरकुती पडली असेल. यंत्र या दोहोंसाठी वेगवेगळे संकेत पाठवते. पण बॅकअप सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचेतो कधी कधी त्यांतला फरक पुसला जातो आणि काही सॉफ्टवेअर लिहिण्यातल्या कोणत्याही अडचणीला ‘टेप भरली’ असेच समजतात. मग १२ टेराबाइटची टेप एक टेराबाइटलाच ‘भरलेली’ दिसू लागते. पाय सुजला की दर वेळी चालण्यामुळेच सुजला म्हणून घरी पाठवणे जसे धोक्याचे, तसेच हे. टेपा नेहमीपेक्षा लवकर भरू लागल्या तर नव्या टेपा मागवण्याआधी यंत्राचे डोके साफ करणारी कॅसेट घालून पाहावी आणि चुकांची नोंद वाचावी.

रविवारी पहाटे सव्वासहा

यंत्र आणि सॉफ्टवेअर यांनी आपापले काम चोख केले तरी पुढे माणूस लागतो. बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते.

हिशेब करून पाहू. सीटी स्कॅनच्या एका चित्रात ५१२ गुणिले ५१२ ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागतात, म्हणजे चित्रामागे अर्धा मेगाबाइट. छातीच्या एका तपासणीत ४०० चित्रे धरली तर २०० मेगाबाइट. दिवसाला ५० तपासण्या असतील तर दिवसाचे १० गिगाबाइट, वर्षाचे साडेतीन टेराबाइटहून अधिक. एखाद्या केंद्राकडे पाच-सहा वर्षांत २० टेराबाइट साठणे काही अवघड नाही.

आता टेपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘३० टेराबाइट’ असे छापलेले असते. हा आकडा माहिती अडीच पट दाबली जाईल असे धरून काढलेला असतो; खरी जागा १२ टेराबाइटच. खरेदी करणारा ३० वाचतो, २० टेराबाइट एका टेपवर बसतील असे धरतो आणि यंत्रात एकच टेप घालतो. शनिवारी रात्री नऊ वाजता बॅकअप सुरू होतो. आठव्या पिढीचे यंत्र पूर्ण वेगाने सेकंदाला ३६० मेगाबाइट लिहिते. त्या वेगाने १२ टेराबाइट भरायला सव्वानऊ तास लागतात. म्हणजे रविवारी पहाटे सव्वासहाच्या सुमारास शेवट येतो. इशारा मिळतो, सॉफ्टवेअर नीट थांबते, समाप्तीची खूण करते आणि पडद्यावर विचारते, ‘दुसरी टेप घाला.’

खोलीत कुणी नसते. सोमवारी सकाळी कुणीतरी येते, यंत्रणा अडकून पडलेली दिसते, ओपीडीची गर्दी वाढू लागलेली असते. काम रद्द करून मोकळे होणे सोपे असते. पुढच्या शनिवारी तेच. वहीत मात्र ‘बॅकअप घेतला’ अशी टीप पडत राहते. यात कुणी खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने आपल्याला दिसले तेवढे लिहिलेले असते.

मोठमोठ्या ठिकाणी असे घडले आहे. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फाइली पिक्सार स्टुडिओत चुकून पुसल्या गेल्या. बॅकअपच्या टेपा काढल्या तर त्या निकामी निघाल्या. त्या चित्रपटावर काम करणारे ओरेन जेकब यांनी नंतर सांगितले, की टेपवरच्या फाइलींनी चार गिगाबाइटची कमाल मर्यादा गाठली होती आणि ती चूक नोंदवणारी फाइलही त्याच भरलेल्या जागेत होती. त्यामुळे तक्रारीची ओळ लिहायलाही जागा उरली नव्हती. नुकत्याच बाळंत झालेल्या गॅलिन सुसमन घरून काम करत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती म्हणून चित्रपट वाचला. रुग्णालयाच्या नोंदींची प्रत अशी कुणाच्या घरी नसते, असूही नये.

नीट ठेवलेली प्रत काय करू शकते याचीही उदाहरणे आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. दोष संगणकांवरच्या अनेक प्रतींपर्यंत पोहोचला होता. यंत्रातून काढून ठेवलेल्या टेपांपर्यंत पोहोचला नव्हता. पत्रे टेपांवरून परत आणली गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. जवळजवळ दोन आठवडे नोंदणी, दाखल करणे, डिस्चार्ज हे सारे कागदावर चालले. हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, असे तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी संसदेत सांगितले. ती एक प्रत सुस्थितीत नसती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक रुग्णालय प्रशासनाने करायला हवा.

उपनगरांचे पाणी आणि हवा

मुंबईच्या उपनगरांत आणखी दोन शत्रू आहेत. पहिला पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी तळमजल्यावर आणि तळघरात जे होते त्याचे काय झाले, हे कुर्ला ते दहिसर सगळ्यांना आठवते. सर्व्हर आणि टेपांचे कपाट वजनदार म्हणून तळमजल्यावर ठेवण्याचा मोह टाळायला हवा. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात आणि वरच्या मजल्यावर असावी. मूळ नोंदी मिठीकाठी असतील तर प्रत बोरिवलीला चालेल, पण दहिसर नदीच्या काठी तळमजल्यावर नको.

दुसरा शत्रू दमट हवा. एलटीओ टेप जपून ठेवायची तर १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. दिवसा एसी लावायचा आणि रात्री काटकसर म्हणून बंद करायचा, हा प्रकार टेपांना मानवत नाही.

टेपला आणखी एक शेवट असतो, तो यंत्राच्या पिढीचा. आठव्या पिढीचे यंत्र सातव्या पिढीची टेप वाचते, सहाव्या पिढीची वाचत नाही. नवे यंत्र घेऊन जुने भंगारात काढले की कपाटातल्या धडधाकट टेपाही मुक्या होतात. जुने यंत्र देण्याआधी जुन्या टेपांवरची माहिती नव्यांवर उतरवणे हा खरेदीचाच भाग असला पाहिजे.

करायचे काय

यावर एक उत्तर हमखास मिळते, ‘आता सगळे क्लाउडवर जाणार, टेपचे कशाला?’ क्लाउडलाही जागेची मर्यादा असते, तीही वर्गणीने ठरलेली. छोट्या नर्सिंग होममध्ये टेपऐवजी टेबलावरची हार्ड डिस्क असते, ती भरली की तीही असाच एक निरोप दाखवते आणि तो निरोपही असाच कुणी वाचत नाही. माध्यम बदलले तरी संपत आल्याचा इशारा ऐकणारा माणूस लागतोच.

दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक आहे. सार्वजनिक रुग्णालयात खाटा अपुऱ्या, सिस्टर अपुऱ्या, औषधांची मारामार. तिथे टेपांकडे कोण बघणार? अडचण खरी आहे. पण मागे सांगितलेला घाटकोपरचा रुग्ण परत परत स्कॅन करायला येतो, तेव्हा त्याच अपुऱ्या यंत्राची आणि त्याच अपुऱ्या माणसांची वेळ जाते. हरवलेली नोंद फुकट पडत नाही.

उपाय महागडे नाहीत. पहिला, बॅकअपचा निरोप रोज सकाळच्या अहवालात यावा. ऑक्सिजन किती, रक्तपेढीत पिशव्या किती, हे जसे अधीक्षकांपुढे येते, तसेच ‘बॅकअप पूर्ण’, ‘अपूर्ण’ किंवा ‘टेपच्या प्रतीक्षेत’ यांपैकी एक शब्द यावा. ‘प्रतीक्षेत’ हा शब्द सलग दोन दिवस दिसला तर त्याचे उत्तर देणारा माणूस नावानिशी ठरलेला असावा. सुट्टीच्या दिवशीही.

दुसरा, जागेचा हिशेब खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर न करता छोट्यावर करावा आणि कोरी टेप आधीच यंत्राजवळ असावी. टेपा आपोआप बदलणारे यंत्र परवडत असेल तर उत्तमच, पण त्यातही कोऱ्या टेपा कुणीतरी भराव्याच लागतात.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, दर तीन महिन्यांनी नोंदी प्रत्यक्ष परत काढून पाहाव्यात. दहा रुग्ण निवडावेत. त्यांतले काही मुद्दाम टेपच्या शेवटाकडचे आणि काही एक टेप संपून दुसरी सुरू झाली त्या सांध्यावरचे असावेत, कारण चूक झाली तर तिथेच होण्याची शक्यता जास्त. त्यांचे स्कॅन आणि अहवाल वेगळ्या संगणकावर परत आणावेत आणि ते एका डॉक्टरने उघडून पाहावेत. संगणक विभागाला फाइल उघडली एवढेच कळते. चित्रातली फुप्फुसे त्याच रुग्णाची आणि पूर्ण आहेत का, हे डॉक्टरलाच कळते. सकाळचा एक तास पुरतो. आगीची कवायत आपण करतो, तशीच ही.

चौथा, निविदेत ‘बॅकअपची सोय’ एवढेच लिहून थांबू नये. ठरावीक वेळेत नोंदी परत आणून दाखवल्यावरच पुरवठादाराचे पैसे द्यावेत. जी गोष्ट तपासली जात नाही, ती हळूहळू फक्त वहीत उरते.

रुग्णांनीही आपली प्लास्टिकची पिशवी अजून टाकू नये. डिस्चार्ज कार्ड, स्कॅनची सीडी, महत्त्वाचे रिपोर्ट घरी जपून ठेवावेत आणि मोबाइलवर त्यांचा फोटोही काढून ठेवावा. पण ही जबाबदारी सत्तर वर्षांच्या आजींवर टाकून रुग्णालयाला सुटता येणार नाही. ‘आता सगळे कॉम्प्युटरवर आहे’ असे त्यांना सांगितले असेल, तर ते तिथे असले पाहिजे.

टेप बनवणाऱ्यांनी फितीच्या शेवटी थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे आणि तिथे पोहोचताच यंत्र न चुकता हाक मारते. वॉर्डातल्या नातेवाइकाची हाक ऐकून सिस्टर उठते, नवी बाटली लावते. टेपयंत्राच्या हाकेला उठणारे कुणीतरी प्रत्येक रुग्णालयाच्या ड्युटीच्या तक्त्यावर हवे.